घर पाडू नका, उतरवा



कार्ल्याच्या चैत्यगृहातील सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षे तग धरून आहेत. जवळच्या लोहगडावर चुन्याचा घाणा आजही पाहावयास मिळतो. टिकाऊ बांधकाम मावळाला कोणा परक्याने शिकविण्याची गरज नव्हती. मग लोणावळ्यात वा कामशेतला जुने घर दुरुस्तीला काढताच पहिला घाव घणाचा का पडतो?

साग भंगारात जातो, कौले फुटतात आणि राडारोडा एखाद्या ओढ्याकाठी रिता होतो. तो ओढा इंद्रायणीला मिळतो, आणि इंद्रायणी पुढे देहू-आळंदीला जाते! केंद्राने २०१६ साली राडारोड्याचे नियम केले, २०२५ साली ते नव्याने काढले. परंतु त्यांतील उत्पादकाच्या वाढीव जबाबदारीची अट २० हजार चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांना आहे. वाडा, बंगला तीतून सुटतो. ही उणीव उद्योजकालाच भरून काढावी लागेल.

असा उद्योजक घर पाडत नाही, उतरवतो. कौले मोजून रचतो, तुळईचा वाळवी लागलेला भाग तेवढाच कापतो, घडीव दगडांवर क्रमांक घालतो. चुन्याच्या भिंतीला गिलावाही चुन्याचाच करतो. सिमेंटचा गिलावा भिंतीतील ओल कोंडतो आणि लोणावळ्याच्या पावसात फुगून सुटतो. सिमेंटची भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, चुन्याला ९०० अंशांच्या आसपास पुरते. शिवाय घट्ट होताना चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड काही प्रमाणात परत शोषून घेतो. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे सात-आठ टक्के आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

अर्थात जुने ते सारेच सोने नव्हे, आणि सारेच आपलेही नव्हे. मंगलोरी कौलांचा कारखाना १८६५ साली बासेल मिशनने काढला होता. उपयुक्त ते पारखून आपलेसे करणे, हीही स्वदेशीची रीतच. म्हणून कौलांखाली उष्णतारोधक थर द्यावा, पागोळ्यांचे पाणी पन्हळीने टाकीत घ्यावे.

खरी अडचण माणसांची आहे. चुना मुरवून मळणारा गवंडी म्हातारा झाला. त्याचा मुलगा चाकणच्या कारखान्यात जातो. घरमालकाला घाई असते आणि चुन्याला घाई सोसत नाही. दिवाळीनंतर काम धरले, तरच पावसाआधी भिंत वाळते. पदवीधर तरुणाने गवंडी व सुतार यांना मजूर न मानता भागीदार करावे, अंदाजपत्रक आणि हमी लेखी द्यावी, वडगावला उतरविलेल्या साग-कौलांची वखार काढावी. एका घराची तुळई दुसऱ्या घराला लागेल. त्याला हवी असतात ती पहिली दोन घरे, विश्वासाने हाती दिलेली. यंदा दिवाळीनंतर ज्यांच्या घरी दुरुस्ती निघणार असेल, त्यांनी घण उचलण्यापूर्वी गावच्या म्हाताऱ्या गवंड्याला एकदा भिंत दाखवावी.