अज्ञेयवाद आणि दुसऱ्यांच्या श्रद्धेचा आदर
(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)





कला शाखेची पदवी घेऊन मी बँकेत नोकरीला लागलो आणि कारकुनी करता करता चाळिशी ओलांडली. त्यामुळे माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. रोजच्या जगण्यात जो प्रश्न पडतो, तोच आपल्यापुढे मांडणार आहे. ज्याला ईश्वर, आत्मा, परलोक यांविषयी खात्रीने काहीच सांगता येत नाही, त्याने श्रद्धावान माणसांशी कसे वागावे, हा तो प्रश्न.

'ॲग्नॉस्टिक' हा शब्द इंग्लंडचे शास्त्रज्ञ थॉमस हेन्री हक्सले यांनी 1869 साली रूढ केला. मराठीत आपण त्याला अज्ञेयवादी म्हणतो. आस्तिक म्हणतो, ईश्वर आहे. नास्तिक म्हणतो, नाही. अज्ञेयवादी म्हणतो, मला ठाऊक नाही, आणि पुराव्यावाचून ठाऊक असल्याचे मी सांगणार नाही. आमच्या बँकेत एक सस्पेन्स खाते असते. एखादी रक्कम येते, पण ती कोणाच्या खात्यात टाकायची हे कागदपत्रांवरून कळत नाही. अशा वेळी ती नाकारत नाहीत आणि अंदाजाने कोणाच्या नावावर जमाही करीत नाहीत. ती सस्पेन्स खात्यात ठेवतात आणि पुरावा मिळाला की नोंद बदलतात. अज्ञेयवाद्याच्या मनाची स्थिती काहीशी अशी असते. मात्र सस्पेन्स खात्यातील नोंदी वरचेवर तपासाव्या लागतात. 'माहीत नाही' एवढे म्हणून विचार करणेच सोडून दिले, तर तो आळस होय.

येथे भगवान बुद्धांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मज्झिम निकायात मालुंक्यपुत्ताची कथा आहे. जग शाश्वत आहे की अशाश्वत, जीव आणि शरीर एक की भिन्न, तथागत मृत्यूनंतर असतो की नसतो, याची उत्तरे मिळाली नाहीत तर संघ सोडून जाईन, असे तो म्हणाला. भगवंतांनी त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला. बाण मारणारा कोण, त्याचे गोत्र काय, धनुष्य कशाचे, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही, असा हट्ट धरणारा माणूस उत्तर मिळण्यापूर्वीच मरेल.

पण यावरून बुद्ध अज्ञेयवादी होते असे म्हणणे मला योग्य वाटत नाही. दुःख दूर करण्यास या प्रश्नांचा उपयोग नाही, म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले. त्याच काळी संजय बेलट्ठिपुत्त नावाचा एक आचार्य होता. तो कोणत्याच प्रश्नावर 'असे आहे' किंवा 'असे नाही' म्हणत नसे. अशा बोलण्याला पाली ग्रंथांत अमराविक्षेप म्हटले आहे. हातातून निसटणाऱ्या माशासारखे बोलणे, असा त्याचा अर्थ सांगतात. अज्ञेयवाद्याने सांभाळायचे ते येथेच. ईश्वराविषयी 'ठाऊक नाही' म्हणणे प्रामाणिकपणाचे आहे, पण समोर अन्याय दिसत असता 'ठाऊक नाही' म्हणणे हा निसटेपणा आहे.

आपल्या महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टी सांभाळणारा एक माणूस होऊन गेला. त्यांचे नाव गोपाळ गणेश आगरकर. मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता आणि अभ्यासक त्यांची गणना अज्ञेयवाद्यांत करतात. 1888 साली त्यांनी 'सुधारक' पत्र काढले आणि बालविवाह, विधवांचे केशवपन अशा रूढींवर निर्भीडपणे लिहिले. चिडलेल्या सनातन्यांनी ते जिवंत असतानाच पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली. असे हे आगरकर घरात पत्नी यशोदाबाईंच्या देवधर्माच्या आड येत नसत. लेखणीने त्यांनी रूढीला सोडले नाही, आणि घरातल्या माणसावर आपले मत लादलेही नाही. यात काहींना विसंगती वाटते. मला वाटत नाही. ज्या रूढीने दुसऱ्याचे आयुष्य चिरडले जाते तिच्याशी त्यांचे भांडण होते. पत्नीच्या पूजेने कोणाचे काही बिघडत नव्हते.

आता आदर म्हणजे नेमके काय? दुसऱ्याचे म्हणणे खरे मानणे म्हणजे आदर नव्हे. केरळमधील एक प्रकरण सांगतो. 1985 साली यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी ती उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. 1986 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आदराने उभे राहून न गाण्यात राष्ट्रगीताचा अपमान होत नाही, असा त्याचा आशय होता. ती मुले श्रद्धावान होती, पण त्यांच्या उदाहरणातून अज्ञेयवाद्यालाही वाट सापडते. उभे राहता येते, आणि तरी न गाता राहता येते.

कार्यालयात सत्यनारायण असतो. त्या वेळी हात न जोडणारा माणूस शांतपणे बसू शकतो, सहकाऱ्यांच्या आनंदाची चौकशी करू शकतो. प्रसाद घ्यावा की नम्रपणे नको म्हणावे, हे ज्याने त्याने ठरवावे. परंतु नको म्हणताना कुत्सित हसू नये. त्याचप्रमाणे पूजा करणाऱ्यांनीही वर्गणीची सक्ती करू नये. आदराचे खाते दोन्ही बाजूंनी चालले पाहिजे.

आपल्या घरांतला प्रश्न याहून नाजूक आहे. 14 ऑक्टोबर 1956 नंतर असंख्य घरांतून जुने देव गेले. तरीही एखादी आजी अजून खंडोबाचे किंवा मरीआईचे नाव घेते, आणि कॉलेजात शिकणारा नातू तिला चारचौघांत अडाणी म्हणतो. विद्यार्थी मित्रहो, बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा 'मी' या शब्दाने बांधलेल्या आहेत. ज्याने त्या घेतल्या त्याने स्वतःला बांधून घेतले. त्यांतून दुसऱ्याचा पाणउतारा करण्याचा परवाना मिळत नाही. आजीशी जरूर बोला, पण तिच्याजवळ बसून बोला. तिने आयुष्यभर सोसले त्यात तिला आधार कशाचा होता, हे आधी ऐकून घ्या.

उपालीची कथा या संदर्भात मला फार मोलाची वाटते. उपाली हा निगंठ नातपुत्तांचा श्रीमंत उपासक. तो वाद घालायला आला आणि भगवंतांचा उपासक झाला. तेव्हा भगवंतांनी त्याला सांगितले की, तुझ्या घरी निगंठांना दीर्घकाळ दान मिळत आले आहे, ते पुढेही देत राहा. मत बदलले म्हणून दार बंद करू नये, हा त्याचा अर्थ.

मग आदराला मर्यादा आहे की नाही? आहे. ज्या श्रद्धेच्या नावाने माणसाला इजा होते, लुबाडले जाते, बाईला भूत लागले म्हणून मारले जाते, तेथे गप्प बसणे हा आदर नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकर सतत सांगत की, आपला विरोध देवाधर्माला नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला.

संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा हक्कही त्यात येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केले. म्हणजे श्रद्धा असणारा आणि 'ठाऊक नाही' म्हणणारा, दोघेही एकाच छताखाली आहेत.

म्हणून शेवटी एवढेच सांगतो. ज्याला आपल्या ज्ञानाची मर्यादा कळली, त्याला दुसऱ्याला हिणवण्याचे कारण उरत नाही. परलोकाविषयी आपली मते भिन्न राहोत. शेजारच्या घरात भूक, आजार किंवा अपमान असेल, तर तेथे काय करायचे हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेवढे करू या.