संगणकातील वाटणी

जमिनीची वाटणी आपल्या कोल्हापूर भागात कोणाला समजावून सांगायला नको. आज बोलायचे आहे ती वाटणी संगणकाच्या पोटातली आहे. पण तिच्यातही बांध आहे, सातबारा आहे, आणि चुकले तर मनस्तापही तसाच आहे.

प्रश्न कोठून आला, ते आधी पाहू. शाळाशाळांतून जे जुने संगणक आहेत, त्यांतले बरेच विंडोज १० या कार्यप्रणालीवर चालतात. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. मायक्रोसॉफ्टने या कारभाऱ्याची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ घ्यावे, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि नवा प्रोसेसर लागतो. यंत्र धडधाकट, पण नवा कारभारी त्यात राहायला तयार नाही! मग ते भंगारात घालायचे काय?

मला तसे वाटत नाही. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. ती फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही नीट चालते. आपल्या सी-डॅकने २००७ साली तिच्यावरच ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली काढली. तर मग विंडोज काढूनच का टाकू नये? अडचण आपल्या मराठीची आहे. श्रीलिपी, आयएसएम यांवर टंकलेले जुने दाखले, प्रश्नपत्रिका, अहवाल त्या-त्या फॉण्टशिवाय उघडले, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो. असले कागद नसतील, तर वाटणीच्या भानगडीत न पडता सगळी डिस्क लिनक्सला द्यावी. असतील, तर मात्र दोन्ही कारभारी ठेवावेत : जुन्या कागदांपुरते विंडोज आणि इंटरनेटसाठी लिनक्स.

आता वाटणी होते कशी? हार्ड डिस्कवर एक छोटा तक्ता असतो. कोणता हिस्सा कोठे सुरू होतो नि कोठे संपतो, एवढेच त्यात लिहिलेले असते. हाच तिचा सातबारा. विंडोजचा हिस्सा लहान करताना शेवटच्या भागातल्या फायली आधी आत सरकवाव्या लागतात, मग बांध हलवून तक्त्यात नवी नोंद करायची. हे काम विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून करावे, घरचा माणूस घरची भांडी जपून हलवतो. पन्नास जीबी जागा लिनक्सला ऐसपैस होते. ती मोकळी सोडावी, तिला नाव-गाव देऊ नये.

पण हे सारे करण्याआधी शाळेच्या फायलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि ती उघडून पाहा. नुसती घेतली म्हणू नका, उघडून पाहा. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घ्या. राधानगरी-गगनबावड्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. बांध अर्धवट हललेला असताना ती गेली, तर दोन्ही घरचे नुकसान. म्हणून यूपीएस हवाच.

त्यानंतर लिनक्स पेन ड्राइव्हवरून सुरू करून पाहावे. डिस्कला हात न लावता ते चालते. प्रिंटर जुळतो की नाही, हे तेव्हाच कळते. मग मुक्काम बसवताना यंत्र विचारते : विंडोजच्या शेजारी राहू, की सगळी डिस्क पुसू? येथे घाई करणाऱ्याने सारे गमावलेच समजा. इंग्रजीत ‘इरेज’ हा शब्द दिसला की हात आखडावा, आणि शेजेचा पर्याय निवडावा.

यापुढे यंत्र सुरू होताच दोन नावांची यादी येईल. हवे ते निवडावे. विंडोजमधला ‘फास्ट स्टार्टअप’ तेवढा बंद ठेवावा. तो चालू असला, की विंडोज पुरते झोपत नाही, आणि त्याच्या हिश्श्यात लिनक्सने काही लिहिले तर फायली बिघडू शकतात.

एक गंमत मात्र होईल. लिनक्स यंत्रातले घड्याळ जागतिक वेळेवर लावते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. आपण साडेपाच तास पुढे. त्यामुळे शाळेची साडेदहाची घंटा होताना विंडोज पहाटेचे पाच दाखवील. यंत्र बिघडले म्हणून दुकानदाराकडे धावू नका. ‘यंत्रातले घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव’ अशी एक आज्ञा लिनक्सला दिली, की दोघांचा मेळ बसतो.