वर्णविचार : अथर्वण सूक्तापासून जामसावळीपर्यंत



जामसावळी येथे पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतिरायाचे दर्शन सौंसरच्या भाविकांस नवे नाही. मनाने वा देहाने पीडिलेल्या माणसांस त्यांचे आप्त मोठ्या आशेने तेथे आणतात. मूर्तीवरील शेंदराच्या तांबड्या तेजाने बाधा दूर पळते, असा लोकांचा भाव आहे. रंगाच्या ठायी दुःखहरणाची शक्ती असते, ही कल्पना फार प्राचीन होय.

अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील 22 वे सूक्त काविळीवर आहे. रोग्याचा पिवळेपणा पोपटांत व इतर पीतवर्ण पक्ष्यांत जावा आणि तांबड्या वृषभाच्या वर्णाने त्याचे शरीर वेढले जावे, अशी त्यात प्रार्थना आहे. कौशिकसूत्राने तिचा विधीही सांगितला. रोग्यास हळदीचा भात खाऊ घालावा, उरलेला त्याच्या अंगास माखावा, खाटेच्या पायाशी तीन पिवळे पक्षी बांधावे आणि मग त्यास स्नान घालावे. पिवळे ते पिवळ्याकडे जाते, हे त्यामागील तर्कशास्त्र. पुढील 23 व 24 या सूक्तांत पांढऱ्या डागांवर काळी वनस्पती योजिली आहे, तीही याच न्यायाने. तंत्रग्रंथांनी तर कर्मपरत्वे वर्ण वाटूनच दिले : शांतीस श्वेत, वश्यास रक्त, स्तंभनास पीत.

आता आपले कुंकू पाहा. पिवळ्या हळदीस चुन्याचा अथवा टाकणखाराचा संस्कार झाला की ती लाल होते. सुवासिनीच्या भाळावरील मांगल्य त्यामुळे यत्किंचितही उणे होत नाही. शेंदूर मात्र शिशापासून होतो; तो भक्तीने वंदावा, पण तीर्थप्रसादाबरोबर लेकरांच्या पोटात जाऊ देऊ नये.

खेड्यापाड्यांत आजही कावीळ ‘उतरविली’ जाते. रोग्याचे हात चुन्याच्या पाण्याने धुतात, पाणी पिवळे होते आणि रोग निघाला असे समजून घरचे निश्चिंत होतात. वास्तविक आंब्याच्या सालीचा रस हातास लागला असेल, तर निरोग्याच्या हाताखालीही ते पाणी पिवळेच होईल! अथर्वण ऋषींनी पिवळेपणा पक्ष्यांकडे धाडला खरा. पण वैद्याचे दार बंद करा, असे त्या सूक्तात कोठेही नाही. चरकाचार्यांनी कामलेस विरेचन सांगितले आहे, आणि आज तर रक्त तपासून यकृताची अवस्था कळते. तिकडे परातीतील पाणी पिवळे होऊन फेकले जाते, आणि दुसऱ्या सकाळी रोग्याचे डोळे तितकेच पिवळे असतात.