गौरीचे हात

यवतमाळ जिल्ह्यांतील कळंब हें गांव चिंतामणि गणेशाचें क्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. कळंब म्हणजे कदंब. क्षेत्राचें जुनें नांव कदंबपूर असें सांगतात. वनस्पतीची आठवण गांवाच्या नांवांत जपावी, ही आपली जुनी रीत. परंतु भाद्रपदांत, कळंबास आणि घरोघरीं गणेशपूजन चाललेलें असतां, रानांत फुलणाऱ्या एका वेलीला आपण देवीचा मानही दिला आणि भांडखोरपणाचा डागही लावला. ती वेल कळलावी.

कोंकणांत समुद्राकांठच्या वाळूमिश्रित जमिनींत आणि कुंपणांवर ती पावसाळ्यांत वर येते. विदर्भाच्या रानांतही ती आढळते. तिच्या पानाचें टोंक दोरीसारखें वळून आधार धरतें. सहा पाकळ्या मागें वळलेल्या, बुडाशीं पिवळ्या आणि शेंड्याशीं लाल. म्हणून संस्कृतांत ती अग्निशिखा. कोंकणांत गौरीच्या सणाला हींच फुलें ‘गौरीचे हात’ होतात. तमिळ देशांतील प्राचीन संघम् कवींनींही स्त्रियांच्या बोटांस याच फुलाची उपमा दिली आहे.

मग कळलावी हें नांव कां? प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून पूर्वीं तिच्या कंदाचा उपयोग करीत. लोकांनीं मात्र कळ म्हणजे भांडण असा अर्थ घेतला, आणि ती दारीं लावल्यास घरांत कलह माजतो अशी समजूत रूढ झाली. समजूत खोटी, भीति मात्र अगदींच निराधार नाहीं. या वेलीच्या सर्वांगांत कोल्चिसीन नांवाचें विष आहे; कंदांत व बियांत तें विशेष. कंद पोटांत गेल्यास प्राणावर बेततें. तेंच द्रव्य मोजक्या मात्रेंत वातरक्तावर औषध ठरतें, आणि या औषधी कंदांच्या लोभानेंच रानोरान ही वेल उपटली गेली.

श्रोतेहो, ती राखावयाची तर बागेंत वाढविली पाहिजे. कंद रानांतून खणून आणूं नये, रोपवाटिकेंतून घ्यावा. त्याचा आकार नांगरासारखा, म्हणून वेलीचें दुसरें नांव लांगली. मृगाच्या पूर्वीं, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनींत, ५ ते ७ सेंटिमीटर खोल तो आडवा ठेवावा. कोंब टोंकाशीं असतो व सहज मोडतो. म्हणून हळुवारपणें, हातमोजे घालून काम करावें. चढावयास काठी द्यावी. फुलें सरल्यावर वेल वाळते. ती मेली असें समजून कंद टाकूं नये. पाणी तेवढें थांबवावें. पुढच्या पावसांत तो पुन्हा फुटतो. मुलें व गुरें पोंचणार नाहींत अशीच जागा निवडावी, आणि फुलें हाताळल्यावर हात धुवावे.

इतकी काळजी घेतली, तर रान न लुटतांही गौरीला तिचे हात मिळतील.