कोनशिलेच्या पोटांत काय ठेवावें?
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या धर्मग्रामसभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीचें स्मारक म्हणून आपल्या धर्मग्रामाच्या नव्या सभागृहाची कोनशिला लवकरच बसावयाची आहे. शिलेच्या पोटांत एक पेटी ठेवावी, असें समितीनें ठरविलें. परंतु तींत काय घालावें याविषयीं एकमत झालेलें नाहीं. देणगीदारांची यादी, समितीचें छायाचित्र, चालू नाणीं व त्या दिवशींचें वर्तमानपत्र एवढें पुरे, असें बहुतेकांचें म्हणणें आहे. आम्हांस तें पुरेसें वाटत नाहीं. कां, तें सांगण्याची परवानगी असावी.

पायांत कांहीं पुरण्याची चाल आपल्याकडे नवी नाहीं. घर बांधतांना सुपारी, नाणें, पंचरत्नें पायांत घालणारीं कुटुंबें आपल्या शेजारींच आहेत. पण तें वास्तूला केलेलें अर्पण. कोणी उकरून पाहावें अशी त्यांत अपेक्षा नसते. कोनशिलेंतील पेटी मात्र कोणीतरी वाचावी म्हणूनच ठेवावयाची. ता. १८ एप्रिल १५०६ रोजीं पोप दुसरे ज्यूलियस यांनीं रोम येथील संत पेत्राच्या महामंदिराची पहिली शिला बसविली, तेव्हां मातीच्या भांड्यांत पदकें घालून तें भांडें पायांत ठेवण्यांत आलें. तें महामंदिर पुरें होण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. पदकें ठेवणाऱ्यांपैकीं कोणीहि तें पाहावयास उरला नव्हता.

पुष्कळ पेट्या नुसत्या विसरल्या जातात, हें दुःख आहे. अमेरिकेच्या कॅपिटॉलची कोनशिला ता. १८ सप्टेंबर १७९३ रोजीं खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं बसविली. ती नेमकी कोठें आहे, याचा शोध अजून लागलेला नाहीं! बॉस्टन शहरांतील राज्यभवनाच्या कोनशिलेंत सॅम्युएल अॅडम्स व पॉल रिव्हिअर यांनीं १७९५ सालीं ठेविलेल्या वस्तूंची पेटी २०१४ सालीं हातीं आली, ती पाण्याची गळती दुरुस्त करतां करतां. याच्या उलट रोमचें पवित्र द्वार पाहा. ज्युबिलीचें वर्ष संपलें म्हणजे द्वाराच्या आंतल्या बाजूस भिंत घालतात आणि त्या भिंतींत धातूची पेटी चिणून ठेवितात. पुढच्या ज्युबिलीपूर्वीं विधिपूर्वक भिंत फोडून ती बाहेर काढितात. २०१६ सालीं चिणलेली पेटी ता. २ डिसेंबर २०२४ रोजीं काढिली. तींत द्वार बंद केल्याचा दस्तऐवज होता, पदकें होतीं, आणि द्वाराची किल्लीहि होती. ही पेटी हरवत नाहीं, कारण ती कोणीं व केव्हां उघडावयाची हें आधींच ठरलेलें असतें.

आणखी एक प्रकार आहे, आणि तो आपल्याच देशांत घडला. ता. १५ ऑगस्ट १९७३ रोजीं इंदिरा गांधींच्या सरकारनें दिल्लीच्या लाल किल्ल्यांत एक कालपात्र पुरलें. त्यांतील इतिहास पक्षपातानें लिहिला आहे असा गवगवा झाला, सत्ता पालटली, आणि १९७७ सालीं नव्या सरकारनें तें उकरून काढिलें. पुढील पिढ्यांसाठीं ठेविलेला मजकूर चार वर्षांतच विरोधकांच्या हातीं गेला. पेटींत स्वतःची थोरवी भरणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

पण इतकें लांब कशाला जावें? आपण येथें बुधवार पेठेंत बसलों आहों. दगडूशेठ हलवाई गणपतीच्या समोर भिडेवाडा होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ सालीं मुलींची शाळा तेथें काढिली, असें आपण सर्व मानतों. तो वाडा शाळेसाठीं बांधलेला नव्हता; त्यामुळें शाळेचा कागद त्याच्या पायांत असण्याचें कारणच नव्हतें. परिणाम असा कीं, शाळेचा पहिला दिवस कोणता याविषयीं अभ्यासकांत वाद होत राहिले. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत स्वतः जोतीरावांनीं सालाचा उल्लेख अंदाजानेंच केला आहे. त्याच पेठेंत चिपळूणकरांच्या वाड्यांत ता. ३ जुलै १८५१ रोजीं काढिलेल्या शाळेची तारीख मिळते. सरकारनें विश्रामबागवाड्यांत जोतीरावांचा जाहीर सत्कार केला, त्याचीहि मिळते: १६ नोव्हेंबर १८५२. सत्काराचा दिवस पक्का आणि आरंभाचा दिवस वादाचा! समारंभ लिहून ठेवण्यास माणसें असतात. आरंभाच्या वेळीं बहुधा कोणी नसतें.

भिडेवाडा डिसेंबर २०२३ मध्यें महानगरपालिकेनें पाडला, आणि ता. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं त्या जागीं व्हावयाच्या स्मारकाची पायाभरणी पंतप्रधानांनीं दूरदृश्य यंत्रणेनें केली. वाडा गेला तरी शाळेची आठवण राहिली, कारण तिच्याविषयींचे कागद एकाच जागीं नव्हते. याच पेठेंतला बुधवारवाडा १८७९ सालीं जळाला, हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांस एकाच प्रतीवर विसंबण्यांतला धोका निराळा सांगावयास नको.

आतां आपल्या पेटीकडे वळूं. पवित्र ख्रिस्तसभेनें चर्चच्या पहिल्या शिलेसाठीं ठरविलेल्या विधींत एका दस्तऐवजाची तरतूद आहे. १९७७ सालच्या विधिग्रंथाप्रमाणें त्यावर बिशप सही करितात, आणि बांधकाम करणाऱ्यांचे प्रतिनिधीहि सही करितात. मग तो शिलेबरोबर पायांत बंद होतो. आपलें सभागृह म्हणजे चर्च नव्हे, हें खरें. तथापि गवंडी व पाथरवट यांची सही बिशपांच्या सहीशेजारीं असावी, असें जिनें ठरविलें त्या ख्रिस्तसभेचीं आपण लेंकरें आहों. १७९२ सालीं सवाई माधवराव पेशव्यांनीं पुण्यांतील कॅथलिकांच्या चर्चसाठीं जागा दिली, हें आपण मुलांस कौतुकानें सांगतों; भिंती रचणारांचें नांव मात्र कोणी घेत नाहीं. देणगीदारांचीं नांवें तर सभागृहाच्या दर्शनी संगमरवरावर कोरलींच जाणार आहेत. तीं पुन्हां पायांत कशाला?

म्हणून आमची सूचना अशी. पेटींत आज या धर्मग्रामांत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबानें आपल्या हातानें लिहिलेला एकेक कागद असावा: आपण कोठून आलों, काय काम करितों, घरभाडें किती, मिस्सेला कोणत्या वाटेनें येतों. ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांनीं सांगावें, दुसऱ्यानें लिहावें, खालीं अंगठा घ्यावा. शिला घडविणारे व पाया खणणारे, मग ते कोणत्याहि धर्माचे असोत, त्यांचाहि कागद त्यांतच असावा.

वर्तमानपत्राविषयीं थोडें. बॉस्टनच्या पेटींतलीं वर्तमानपत्रें दीडशेंहून अधिक वर्षें टिकलीं, कारण त्या काळचा कागद चिंध्यांचा असे. हल्लींचा लांकडाच्या लगद्याचा; त्यांतील आम्लामुळें तो स्वतः पिवळा पडून तुटतो आणि शेजारच्या कागदासहि डाग लावितो. तेव्हां हवें तें पान चांगल्या सुती कागदावर उतरवून घ्यावें. पेन ड्राइव्ह घालावा असें तरुण मंडळी म्हणतात. त्यांच्या नातवांपाशीं तो वाचण्याचें यंत्र असेल काय, हें त्यांनींच सांगावें. पेटी तांब्याची असावी, डाक लावून पक्की बंद करावी, आणि पुण्याच्या पावसाचें पाणी पोंचणार नाहीं अशा बाजूस बसवावी.

सर्व कागदांची एक नक्कल बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांशेजारीं राहावी. त्या वह्या नीट जपणें धर्मग्रामावर धर्मविधीच्या ५३५ व्या कलमानें बंधनकारकच आहे, त्यामुळें ही नक्कलहि त्यांच्याबरोबर संभाळली जाईल. दुसरी नक्कल बिशपांच्या दफ्तरीं द्यावी. पेटी कोणत्या कोपऱ्यांत आहे व शतकमहोत्सवाच्या कोणत्या दिवशीं उघडावयाची, तें दोन्ही नकलांच्या पहिल्या पानावर लिहावें.

कोरे कागद येत्या रविवारपासून चर्चच्या दाराशीं मेजावर ठेविले जातील. पाथरवट मंडळी रविवारीं येथें नसतात. शनिवारीं सायंकाळीं काम सुटण्यापूर्वीं त्यांच्याकडे कागद घेऊन जाण्याचें काम युवक संघानें पत्करावें.