शहर वाढतंय, सातबारा सांभाळा
(वसई पूर्वेकडील पाड्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



३ जुलै २००९ ला चार नगरपालिका आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत इथं १२ लाखांवर माणसं मोजली. एवढ्यांना घर पाहिजे, पाणी पाहिजे, कारखान्याला गाळा पाहिजे. म्हणून शहर आता हायवे ओलांडून तुंगारेश्वरच्या पायथ्याशी आलंय.

पाणी कुठून जातं? पेल्हार आणि उसगावच्या धरणांतून, सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून. धामणीत आपल्याच भाऊबंदांच्या जमिनी बुडाल्या. वालीव-गोखिवऱ्याच्या गाळ्यात ठेकेदाराकडं घाम गाळतो तोही आपणच. पाणी दिलं, घाम दिला. आता डोळा जमिनीवर हाय.

दलाल "विका" म्हणत नाय. तो म्हणतो, "काका, भाड्यानं द्या. चाळ बांधतो, दोन खोल्या तुमच्या." घरात आजारपण असतं, लग्न असतं, भट्टीवर जायचे दिवस असतात. स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतो, नोटरीचा शिक्का मारतो. खोल्या विकून तो पसार. बिनपरवाना बांधकामाची नोटीस येते ती सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. म्हणजे जमीन गेली आणि गुन्हेगारही आपणच.

तर नीट ऐका. जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ हाय, १९७४ पासून. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकणं, गहाण ठेवणं, भाडेपट्ट्यानं किंवा बक्षीस देणं, यातलं काहीही कलेक्टरच्या परवानगीशिवाय करता येत नाय. विक्रीला तर सरकारचीही मंजुरी लागते. नोटरीचा शिक्का म्हणजे परवानगी नव्हे.

दलाल सांगतो, "आता महापालिका आली, तो कायदा गेला." साफ खोटं! हा कायदा माणसाला धरून हाय. ग्रामपंचायत गेली तरी आपण आदिवासीच. आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं मिळालेला पट्टा तर विकताच येत नाय, तो फक्त वारसाला जातो.

मग करायचं काय? दिवाळीनंतर आपण भट्टीवर पांगतो, घरं रिकामी पडतात. त्याआधी प्रत्येक पाड्यानं दोन शिकलेली पोरं निवडा, एक पोरगी तरी पाहिजेच. त्यांनी तलाठ्याकडून प्रत्येक खातेदाराचा सातबारा आणि फेरफार काढून पाड्यात मोठ्यानं वाचावा. आजोबा वारले, वारसांची नावं लागली का? बहिणींची लागली का? इतर हक्कात कोणाचं नाव शिरलंय का? अंगठा दिला गेलाच असेल तर लाजू नका, तो कागद बैठकीत आणा. परवानगीशिवाय गेलेली जमीन परत मिळावी म्हणून कलेक्टरकडं अर्ज करता येतो. तो आपण मिळून करू.

कोणीही कागद पुढं केला तर एकच उत्तर द्या : "आधी पाड्यात वाचू."

जिंदाबाद!