पाहिले ते 'पाहिले', वाटते ते 'वाटते'

(शाखा कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



वरिष्ठांपुढे निर्भीडपणे बोला, असे संघटना आपल्याला नेहमी सांगते. ते योग्यच आहे. आज मी त्याला एक जोड देणार आहे. जितकी खात्री असेल तितक्याच खात्रीने बोला. जास्त नको, कमीही नको. आपल्या दोन्ही खात्यांत एकेका शब्दावर लोकांचे जीव आणि हक्क अवलंबून असतात.

20 ऑगस्ट 1995 ची पहाट आठवा. उत्तर प्रदेशात फिरोजाबादजवळ कालिंदी एक्स्प्रेस जनावराला धडकून रुळावर उभी होती. ती पुढे गेली असे गृहीत धरले गेले आणि मागच्या पुरुषोत्तम एक्स्प्रेसला मार्ग मिळाला. तीनशेहून अधिक माणसे मेली. कोणा कर्मचाऱ्याला पुन्हा पिंजऱ्यात उभे करण्यासाठी मी हे सांगत नाही. 'गेली असेल' आणि 'गेलेली पाहिली' यांतले अंतर ध्यानात यावे म्हणून सांगतो. शेवटच्या डब्याची एल.व्ही. पाटी किंवा टेललॅम्प पाहिल्याशिवाय गाडी पूर्ण आली असे म्हणायचे नाही, हा नियम त्यासाठीच आहे.

आता उलट बाजू पाहा. कीमनला वेल्डजवळ बारीक रेघ दिसते. तडा आहे की नुसता गंज, हे ठरवता येत नाही. आपला मराठी माणूस इटारसीला किंवा सिकंदराबादला असेल तर परक्या भाषेत सांगताना जीभ अडखळते. काही निघाले नाही तर साहेब हसतील, अशी धास्ती असते. मग तो 'सब ठीक है' म्हणून मोकळा होतो. पण 1976 च्या जनरल रूल्सप्रमाणे, सुरक्षिततेला बाधा आणणारी गोष्ट नजरेस येताच वरिष्ठांना कळवणे हे प्रत्येक रेल्वे कर्मचाऱ्याचे कर्तव्य आहे. सिग्नल नीट दिसत नसेल तर तो सर्वांत कडक संकेत समजायचा, हाही नियमच आहे. म्हणून सरळ सांगा : "अमुक किलोमीटरला उजव्या रुळावर रेघ दिसली. तडा असावा असे वाटते, खात्री नाही. लाल झेंडी लावली आहे, तपासायला या." शब्दांत शंका असली तरी चालेल, झेंडी लावण्यात नको.

पोस्टमन बांधवांचा शेराही असाच आहे. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, पण शेऱ्याचे वजन कमी झालेले नाही. पाकिटावर 'घेण्यास नकार' लिहिले की 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 27 च्या आधारे कोर्ट नोटीस बजावली गेली असे धरू शकते. शेजारी म्हणाला "ते घेणार नाहीत", एवढ्यावर 'नकार' लिहिला तर एखाद्या गरिबाची बाजू ऐकली जाण्याआधीच बुडते. दार बंद असेल तर 'दार बंद' एवढेच लिहा.

हीच शिस्त वाटाघाटीतही हवी. रेल्वेत 1952 पासून पी.एन.एम. आहे, केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी 1966 पासून जे.सी.एम. आहे. तिथे "सगळ्याच गँगमध्ये माणसे अपुरी आहेत" असे ठोकून दिले आणि प्रशासनाने एक पूर्ण भरलेली गँग दाखवली, तर आपल्या खऱ्या तक्रारीही उडवल्या जातात. त्यापेक्षा म्हणा : "तीन गँगचे हजेरीपट आम्ही स्वतः तपासले, हे आकडे. इतर ठिकाणच्या तक्रारी आल्या आहेत, त्यांची मोजणी चालू आहे." असे बोलणाऱ्याला खोडून काढणे कठीण असते.

मात्र ही जबाबदारी एकट्या कामगाराची नाही. प्रामाणिकपणे शंका कळवली, गाडी थांबली आणि पुढे काही निघाले नाही, म्हणून कोणाला मेमो मिळत असेल तर उद्या सगळेच गप्प बसतील. अशा प्रत्येक मेमोची प्रत शाखेकडे आली पाहिजे आणि तो विषय बैठकीच्या अजेंड्यावर गेला पाहिजे. 'खात्री नाही' असे सांगणाऱ्याच्या पाठीशी संघटना उभी राहिली, तरच तो वेळेवर बोलेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!